रूट पासवर्ड नाही? घाबरू नका! साध्या होस्टिंगवरही तुमचा प्रोग्रॅम चालू शकतो



दिवाळीच्या साधारण दीड महिना आधीची गोष्ट. फराळ आणि मसाले विकणाऱ्या एका ताईंचा फोन आला. त्यांची वेबसाइट साध्या शेअर्ड होस्टिंगवर आहे. फॉर्म भरून ऑर्डर येतात आणि ताई रोज रात्री बसून त्या वहीत उतरवतात. चकली किती किलो, चिवडा किती, लाडू किती. सकाळी कामाला बायका येण्याआधी यादी तयार हवी. सीझनमध्ये रात्रीचा एक वाजायचा.

त्यांच्या ओळखीतल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने पायथॉनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहून दिला. रोज पहाटे पाचला सगळ्या ऑर्डर गोळा करायच्या, एक्सेलची एक यादी करायची आणि प्रत्येक ऑर्डरचं बिल पीडीएफमध्ये काढायचं. मुलाच्या लॅपटॉपवर झकास चाललं. सर्व्हरवर टाकलं आणि अडलं. "मॉड्यूल सापडत नाही." मॉड्यूल टाकायला गेला तर "पर्मिशन डिनाइड". होस्टिंगवाल्यांना विचारलं. उत्तर आलं: शेअर्ड प्लॅनवर अ‍ॅडमिनचे अधिकार मिळत नाहीत, स्वतंत्र सर्व्हर घ्या.

ताई म्हणाल्या, "सर, वर्षाचे पैसे एकदम भरा म्हणतायत. तेवढ्यात माझं सीझनचं तूप येतं. काय करू?"

मी म्हटलं, "ताई, दोन दिवस थांबा. पैसे भरू नका. त्या मुलाला माझ्याशी बोलायला सांगा."

आजचा लेख त्या दोन दिवसांत काय केलं त्याचा आहे. तुम्ही स्वतः प्रोग्रॅमिंग करत नसाल तरी वाचा. कारण "अधिकार नाहीत, महागडा सर्व्हर घ्या" हे वाक्य तुम्हालाही कधी ना कधी ऐकायला मिळणार आहे. तेव्हा ते खरं आहे की नाही, हे तुम्हाला कळायला हवं.

आधी दोन शब्द समजून घ्या: मॉड्यूल आणि रूट

मॉड्यूल म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. एक्सेलची फाइल कशी बनवायची, पीडीएफ कसा काढायचा, हे प्रत्येकाने शून्यातून लिहायची गरज नाही. पायथॉनमध्ये एक्सेलसाठी ओपनपायएक्सएल आहे, पीडीएफसाठी रिपोर्टलॅब आहे. घरी मसाला कुटण्याऐवजी तयार पुडी आणावी, तसं हे. प्रोग्रॅमर फक्त म्हणतो, "हे मॉड्यूल घे," आणि पुढचं काम करतो.

रूट म्हणजे लिनक्स सर्व्हरचा मालक. त्याला सगळं करता येतं. शेअर्ड होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर तुमच्यासारखे शेकडो ग्राहक असू शकतात. प्रत्येकाला मालकाची किल्ली दिली तर एकाच्या चुकीने सगळ्यांची दुकानं बंद पडतील. त्यामुळे होस्टिंगवाले रूट देत नाहीत ते बरोबरच आहे. त्यांच्यावर चिडू नका.

आता असं समजा, तुम्ही मार्केटमध्ये एक गाळा भाड्याने घेतलाय. इमारतीच्या मेन मीटर पॅनलला हात लावायची परवानगी नाही. पण गाळ्याच्या आत रॅक कुठे लावायचे, वजनकाटा कोणता ठेवायचा, हे कोण ठरवतं? तुम्हीच ना? सर्व्हरवरही तसंच आहे. तुमच्या नावाचं एक होम फोल्डर असतं. त्याच्या आत तुम्ही राजे.

त्या मुलाची चूक एवढीच होती की तो मॉड्यूल इमारतीच्या सामायिक जागेत ठेवायला जात होता. ते स्वतःच्या गाळ्यात ठेवायचं होतं.

पायथॉनमध्ये हे कसं करायचं?

यासाठी पायथॉनमध्येच सोय आहे. तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. २०१२ साली आलेल्या ३.३ या आवृत्तीपासून ही सोय पायथॉनसोबतच येते, वेगळी विकत घ्यायची नाही. तुमच्या फोल्डरमध्ये पायथॉनचा एक छोटा स्वतंत्र संसार तयार होतो. त्यात टाकलेली मॉड्यूल फक्त तुमची. शेजाऱ्याला त्रास नाही, मालकाची परवानगी नको.

पायऱ्या बघा:

१. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमध्ये टर्मिनल किंवा एसएसएच आहे का पाहा. काही प्लॅनमध्ये ते बंद असतं. सपोर्टला विनंती केली की बऱ्याचदा चालू करून देतात.

२. टर्मिनलमध्ये आधी पायथॉनची आवृत्ती तपासा. प्रोग्रॅम लॅपटॉपवर ज्या आवृत्तीवर लिहिला, त्याच्या जवळची हवी.

३. आता टाइप करायचं: पायथॉन-थ्री, स्पेस, डॅश एम, स्पेस, व्ही-ई-एन-व्ही, स्पेस आणि तुम्हाला हवं ते फोल्डरचं नाव. झाला तुमचा गाळा तयार.

४. त्या फोल्डरच्या आत 'बिन' नावाचं फोल्डर दिसेल. त्यात पायथॉन आहे आणि मॉड्यूल आणणारा पिप आहे. यापुढे नेहमी हाच पिप वापरायचा. सर्व्हरचा सामायिक पिप नाही.

५. या पिपला मॉड्यूलचं नाव सांगा. तो इंटरनेटवरून आणून तुमच्याच फोल्डरमध्ये ठेवेल. पुढे सुडो लावायचं नाही. कोणी "सुडो लाव" म्हणालं तर समजा, त्याने जुन्या नोट्स काढल्यात.

काही होस्टिंगवर कंट्रोल पॅनलमध्येच 'सेटअप पायथॉन अ‍ॅप' असं बटण असतं. ते बटणही हाच संसार थाटून देतं. टर्मिनलची भीती वाटत असेल तर तिथून सुरुवात करा.

ताईंच्या सर्व्हरवर तिसऱ्या पायरीलाच अडचण आली. व्हेन्व बनवायला लागणारा एक भाग तिथे नव्हता. डेबियन आणि उबुंटूच्या सर्व्हरवर असं होतं, कारण तो भाग तिथे वेगळा टाकावा लागतो आणि तो मालकच टाकू शकतो. मग काय, परत तिथेच? नाही. व्हर्च्युअलएन्व्ह नावाचं जुनं साधन एका सुट्या फाइलच्या रूपातही मिळतं. ती फाइल होम फोल्डरमध्ये ठेवली, पायथॉनने चालवली आणि काम झालं. सर्व्हरवरचा पायथॉनच फार जुना असेल तर मिनीकोंडा किंवा यूव्ही ही साधनं नवा पायथॉनसुद्धा तुमच्या होम फोल्डरमध्ये आणून देतात. रूट लागत नाही. फक्त मिनीकोंडा जागा बरीच खातो, म्हणून आधी डिस्क किती शिल्लक आहे ते बघा.

दुसऱ्या भाषांचं काय?

तुमचा प्रोग्रॅमर पायथॉन वापरत नसेल तरी हेच तत्त्व आहे. फक्त साधनांची नावं बदलतात.

पीएचपी: वर्डप्रेस याच भाषेत आहे, त्यामुळे बहुतेकांची वेबसाइट इथेच. कम्पोझर हे साधन मॉड्यूल प्रोजेक्टच्या 'व्हेंडर' फोल्डरमध्येच ठेवतं. सर्व्हरवर टर्मिनल नसेल तर लॅपटॉपवर कम्पोझर चालवा आणि ते फोल्डर जसंच्या तसं अपलोड करा. पीएचपीची आवृत्ती मात्र दोन्हीकडे जुळायला हवी. आणि एक फरक लक्षात ठेवा. लायब्ररी आपण टाकू शकतो, पण फोटो लहान-मोठे करणारं जीडी यासारखं एक्स्टेन्शन होस्टिंगकडूनच चालू करून घ्यावं लागतं. बऱ्याच पॅनलमध्ये त्यासाठी नुसती टिक करायची असते.

नोड: इथे एनपीएम मुळातच प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये मॉड्यूल ठेवतो. 'ग्लोबल' करायला गेलात तरच परवानगीचा प्रश्न येतो. नोडची आवृत्ती बदलायची असेल तर एनव्हीएम होम फोल्डरमध्ये चालतो. पण सावध राहा. नोडच्या मॉड्यूल फोल्डरमध्ये हजारो छोट्या फाइल्स जमतात आणि शेअर्ड होस्टिंगवर फाइल्सच्या संख्येलाही मर्यादा असते. पॅनलमध्ये ती 'आयनोड' नावाने दिसते. जागा शिल्लक असूनही खातं अडू शकतं.

पर्ल: जुनी भाषा, पण अनेक ठिकाणी अजून जोरात चालते. तिचं मॉड्यूलचं भांडार, सीपॅन, १९९५ पासून आहे. लोकल-लिब आणि सीपॅन-मायनस ही दोन साधनं मिळून होम फोल्डरमध्ये मॉड्यूल बसवतात.

रुबी: बंडलरला मॉड्यूल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगता येतं.

सगळ्यांचा अर्थ एकच. "माझ्या फोल्डरमध्ये ठेव आणि प्रोग्रॅमला सांग की तिथे बघ."

गाडी कुठे अडते? आमचीही अडली

मॉड्यूल बसली. प्रोग्रॅम हाताने चालवला, यादी आली, बिलं आली. मुलगा खूश, मी खूश. पहाटे पाचला आपोआप चालावं म्हणून क्रॉन जॉब लावला आणि ताईंना सांगितलं, "आज वही नको, निवांत झोपा."

सकाळी सहाला फोन. "सर, यादीच नाही आली. बायका येऊन बसल्यात."

त्या दिवशी ताईंनी मोबाइलवर बघत बघत यादी केली आणि अर्धी सकाळ गेली. चूक माझी होती. क्रॉन जॉब तुमच्यासारखा लॉगिन करत नाही. त्याला तुमचा गाळा कुठे आहे हे माहीत नसतं. तो सर्व्हरचा सामायिक पायथॉन उचलतो आणि त्या पायथॉनला आपली मॉड्यूल दिसत नाहीत. म्हणून क्रॉनमध्ये नुसतं 'पायथॉन' लिहायचं नाही. आपल्या व्हेन्वमधल्या पायथॉनचा पूर्ण पत्ता लिहायचा, होम फोल्डरपासून 'बिन'पर्यंत.

ते दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी यादी आली, पण साडेदहाला! कारण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर होतं. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याला पहाटेचे पाच हवे असतील तर तिथे आदल्या रात्रीचे साडेअकरा लावावे लागतात. तिसऱ्या दिवशी पाचला यादी आली आणि मगच वही कपाटात गेली.

यातून माझा मी नियम करून घेतला आणि तुम्हीही करा: नवी व्यवस्था लागोपाठ तीन दिवस नीट चालल्याशिवाय जुनी वही बंद करायची नाही. आणि प्रोग्रॅम चालला की नाही, काय चुकलं, हे एका लॉग फाइलमध्ये लिहून ठेवायला लावायचं. पहिल्या दिवशी लॉग असता तर कारण पाच मिनिटांत कळलं असतं.

आणखी तीन अडचणी नेहमी येतात.

पहिली, कम्पायलर नाही. काही मॉड्यूलचा काही भाग सी भाषेत असतो आणि बसवताना तो तयार करावा लागतो. शेअर्ड सर्व्हरवर कम्पायलर बंद असू शकतो. यावर उपाय म्हणजे 'व्हील' नावाचं आधीच तयार केलेलं पॅकेज. सर्व्हर आणि पिप फार जुने नसतील तर पिप स्वतःच ते निवडतो. म्हणून आधी व्हेन्वमधला पिप अद्ययावत करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. मात्र विंडोज लॅपटॉपवर बसवलेलं असं मॉड्यूल उचलून लिनक्स सर्व्हरवर टाकू नका. चालणार नाही.

दुसरी, फोल्डर हलवलं आणि बंद पडलं. व्हेन्वमध्ये स्वतःचा पत्ता कोरलेला असतो. होस्टिंग बदललं किंवा फोल्डरचं नाव बदललं तर ते उचलून नेऊ नका, नवीन बनवा. त्यासाठी मॉड्यूलची यादी एका फाइलमध्ये ठेवायची. 'पिप फ्रीझ' ही आज्ञा ती यादी आवृत्त्यांसकट देते. या फाइलला रिक्वायरमेंट्स म्हणतात. किराणा मालाच्या यादीसारखी ही जपून ठेवा. उद्या नवा प्रोग्रॅमर आला तरी दहा मिनिटांत सगळं परत उभं राहतं.

तिसरी, मेमरी आणि वेळेची मर्यादा. शेअर्ड होस्टिंगवर जास्त वेळ चालणारा किंवा जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम मधेच बंद केला जातो. पन्नास-शंभर ऑर्डरची यादी आरामात निघते. मोठं व्हिडिओ एडिटिंग तिथे करायला जाऊ नका.

सुरक्षितता: फुकट मॉड्यूल, पण डोळे उघडे ठेवून

मॉड्यूल फुकट मिळतात म्हणून वाट्टेल ते उचलायचं नाही. प्रसिद्ध मॉड्यूलच्या नावात एखादं अक्षर बदलून खोटी मॉड्यूल टाकणारे लोक आहेत. घाईत स्पेलिंग चुकलं की चोराला आपणच घरात घेतलं. नाव मूळ माहितीपानावरून कॉपी करा.

आवृत्ती नेहमी पक्की लिहा. मार्च २०१६ मध्ये नोडच्या जगात 'लेफ्ट-पॅड' नावाचं जेमतेम ११ ओळींचं मॉड्यूल त्याच्या लेखकाने काढून टाकलं आणि त्यावर अवलंबून असलेली असंख्य प्रोजेक्ट्स जगभर अडली. म्हणून चालू व्यवस्थेची एक प्रत स्वतःकडे हवीच.

व्हेन्वचं फोल्डर आणि पासवर्डची फाइल 'पब्लिक एचटीएमएल'च्या बाहेर ठेवा. त्या फोल्डरमधलं सगळं इंटरनेटवर उघडं पडू शकतं. आणि परवानगीची अडचण आली की फोल्डरला ७७७ लावून मोकळं होणारे महाभाग असतात. ७७७ म्हणजे दुकानाचं शटर सताड उघडं. कोणी असा उपाय सांगितला तर तिथेच थांबवा.

मग स्वतंत्र सर्व्हर कधी घ्यायचा?

मी स्वतंत्र सर्व्हरच्या विरोधात नाही. काही कामं रूटशिवाय होतच नाहीत. सर्व्हरवर नवं डेटाबेस सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी बसवायचं असेल, फायरवॉलचे नियम बदलायचे असतील, १०२४ च्या खालचा पोर्ट थेट वापरायचा असेल, तर मालकाचेच अधिकार लागतात. दिवसभर अखंड चालणारा प्रोग्रॅम हवा असेल तर तोही शेअर्ड होस्टिंगवर बहुधा टिकत नाही.

ताईंच्या प्रोग्रॅममध्येही एक गोष्ट सोडावी लागली. मुलाने बिलाची डिझाइन वेबपेजसारखी केली होती आणि पीडीएफ काढायला पडद्यामागे अख्खा ब्राउझर चालवला होता. त्या ब्राउझरला सर्व्हरवर नसलेल्या सिस्टिम फाइल्स लागत होत्या. आम्ही तो नाद सोडला आणि रिपोर्टलॅबने साधं बिल काढलं. थोडं कमी देखणं, पण रक्कम बरोबर. गिऱ्हाइकाने बिलाच्या डिझाइनवरून लाडू परत केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि स्वतंत्र सर्व्हर घेतला म्हणजे फक्त भाडं वाढतं असं नाही. अपडेट, बॅकअप, सुरक्षा, सगळं तुमच्या अंगावर येतं. स्वतःची इमारत घेतली की पाण्याची टाकीही तुम्हीच धुवायची. ते करणारं माणूस आहे का, त्याला महिन्याला किती द्यावे लागतील, हा हिशेब आधी मांडा.

हे प्रश्न लिहून ठेवा

होस्टिंग घेण्याआधी विचारा:

- या प्लॅनमध्ये एसएसएच किंवा टर्मिनल मिळतं का?
- पायथॉन, पीएचपी, नोड यांच्या कोणत्या आवृत्त्या आहेत?
- क्रॉन जॉब लावता येतो का आणि कमीत कमी किती वेळाने?
- फाइल्सच्या संख्येची आणि मेमरीची मर्यादा किती?

प्रोग्रॅमरला विचारा:

- मॉड्यूल माझ्या फोल्डरमध्ये बसवून काम होईल का? नसेल तर नेमकं कोणत्या मॉड्यूलमुळे अडतंय?
- रिक्वायरमेंट्सची फाइल आणि बसवायच्या पायऱ्या मला लिहून देणार का?
- होस्टिंगचं खातं माझ्या नावावर, माझ्या ईमेलवर आहे ना?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. प्रोग्रॅमर उद्या नोकरीला पुण्याला गेला, बंगळुरूला गेला, तर तुमचा धंदा त्याच्या मोबाइलमध्ये अडकून राहता कामा नये.

ताईंनी त्या दिवाळीला स्वतंत्र सर्व्हर घेतला नाही. तूप वेळेवर आलं. सीझन संपल्यावर त्यांनी त्या मुलाला बोलावून त्याच्या कामाचे पैसे दिले आणि वर फराळाचा डबा दिला. तो फुकट करून देतो म्हणत होता. ताई म्हणाल्या, "फुकट केलेलं काम बिघडलं तर मी तुला कोणत्या तोंडाने फोन करू?" मित्रांनो, हे वाक्य मी आता माझ्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगतो.

उद्या तुम्हाला कोणी म्हणालं, "अधिकार नाहीत, होणार नाही," तर शांतपणे एकच विचारा: "माझ्या फोल्डरमध्ये तरी होईल ना?" बहुतेक वेळा उत्तर "हो" असेल. आणि "नाही" असेल तर का नाही, हे समजून घेऊन मगच पाकिटाला हात घाला.

तुमच्या व्यवसायात असं कुठलं काम अडलंय ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, हिशेब चोख ठेवा आणि धंदा वाढवत राहा!